उन्हाळ्यातील भूमध्य समुद्र आणि लहान जहाज

खाडीकाठ

भूमध्य समुद्रातील क्रूझ म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तीन-चार हजार प्रवाशांचे, अनेक मजल्यांचे, जलतरण तलाव आणि नाट्यगृह असलेले जहाज उभे राहते. शंभराच्या आसपास प्रवासी घेऊन जाणाऱ्या लहान जहाजाची सफर हा त्याहून पुष्कळ वेगळा प्रकार आहे. गेल्या जुलैमध्ये मी आणि माझे यजमान अशा एका जहाजाने अथेन्सच्या पिरेयस बंदरापासून क्रोएशियातील स्प्लिटपर्यंत गेलो. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा धागा कोणाची शिफारस करण्यासाठी काढलेला नाही. लहान जहाज निवडल्याने काय हाती लागते आणि कशावर पाणी सोडावे लागते, याचा विचार परतल्यापासून मनात चालू आहे, तो येथे मांडते.

माझे म्हणणे असे आहे की लहान जहाजाला बंदरात ज्या जागा आणि ज्या वेळा मिळतात त्या मोठ्या जहाजाला मिळू शकत नाहीत, आणि अशा सफरीचे जास्तीचे पैसे मोजायचे असतील तर ते त्यासाठीच मोजावेत. केबिन लहान असते, करमणुकीचे कार्यक्रम जवळजवळ नसतात, खरेदीची दुकाने नसतात. ज्यांना जहाज हेच गंतव्य वाटते त्यांची निराशा होईल. ज्यांना किनारा पाहायचा आहे त्यांच्यासाठी मात्र हा फरक मोठा आहे, आणि उन्हाळ्यात तर तो अधिकच जाणवतो.

सफरीच्या सुरुवातीलाच डेलोस बेटाची भेट रद्द झाली. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा कोरडा वारा वाहतो. आकाश निरभ्र असते, दूरची बेटे स्वच्छ दिसतात, आणि तरीही समुद्र पांढऱ्या फेसाने भरून गेलेला असतो. डेलोसवर होडीतूनच उतरावे लागते आणि त्या दिवशी ते शक्य नव्हते. जेथे अपोलोचा जन्म झाला असे ग्रीक मानत, आणि इ.स.पू. ४२६ मध्ये जेथील सगळ्या कबरी शेजारच्या रेनेया बेटावर हलवून अथेन्सने यापुढे येथे कोणी जन्मू नये आणि कोणी मरू नये असा दंडक घातला, ते बेट पाहण्याची मला फार इच्छा होती. कप्तानाने संध्याकाळी सर्वांना एकत्र बोलावले, पडद्यावर वाऱ्याचा नकाशा दाखवला, आणि जहाज सिरोस बेटाच्या एर्मूपोली बंदरात नेत असल्याचे सांगितले.

एर्मूपोली आमच्या कार्यक्रमात नव्हते आणि आज मला विचाराल तर ग्रीसमधील ते माझे सर्वांत आवडते गाव आहे. ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, १८२० च्या दशकात, कियोस आणि प्सारा या बेटांवरून जीव वाचवून आलेल्या लोकांनी ते वसवले आणि पिरेयस पुढे येईपर्यंत ते ग्रीसचे अग्रगण्य व्यापारी बंदर होते. एर्न्स्ट झिलर या वास्तुकाराने बांधलेले भव्य नगरभवन, १८६४ मधील अपोलो नाट्यगृह, एका टेकडीवर कॅथलिकांची मध्ययुगीन वस्ती आणि शेजारच्या टेकडीवर ऑर्थोडॉक्स चर्च, असे हे शहर पर्यटकांवर विसंबून न राहता आपापल्या कामात मग्न असते. बंदराच्या एका अंगाला जहाजदुरुस्तीची गोदी आजही चालू आहे. मोठ्या जहाजाला असा ऐन वेळचा बदल फार अवघड जातो. हजारो लोकांसाठी धक्का, बसगाड्या आणि वाटाडे आधीपासून ठरलेले असतात, त्यामुळे एक बंदर हुकले की बहुधा तो दिवस समुद्रावरच जातो.

दुसरी गोष्ट कोरिंथच्या कालव्याची. पेलोपोनीज द्वीपकल्पाला मुख्य भूमीशी जोडणारी चिंचोळी पट्टी कापून हा कालवा काढलेला आहे. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुमारास येथे फरसबंद मार्ग बांधला गेला आणि त्यावरून होड्या व माल ओढून नेत. रोमन सम्राट नीरोने इ.स. ६७ मध्ये खोदाईचा प्रारंभ केला, पण त्याच्या मृत्यूनंतर काम थांबले. आजचा कालवा १८८२ ते १८९३ या काळात पूर्ण झाला. त्याची लांबी ६.४ किलोमीटर आहे आणि पाण्याच्या पातळीवरची रुंदी २५ मीटरांहूनही थोडी कमी. या एका आकड्यामुळे बहुतेक आधुनिक क्रूझ जहाजे येथून जाऊच शकत नाहीत आणि त्यांना द्वीपकल्पाला वळसा घालावा लागतो. आमच्या पुढे एक टगबोट होती. तोंडाशी असलेला पूल उचलला न जाता सरळ पाण्याच्या तळाशी उतरला आणि आम्ही त्याच्यावरून आत शिरलो. मग दोन्ही बाजूंना पिवळसर दगडाच्या उभ्या भिंती वर चढत गेल्या, मधल्या भागात त्या सत्तर मीटरांहून उंच आहेत. खडकाचे थर अगदी रेघ मारल्यासारखे दिसत होते आणि काही ठिकाणी ती रेघ तुटून एकदम हातभर, कोठे पुरुषभर खाली सरकलेली होती. ते भूकंपाचे भ्रंश आहेत, असे सोबतच्या भूगर्भतज्ज्ञाने सांगितले. याच भुसभुशीत कड्यांतून दरडी कोसळल्यामुळे कालवा २०२१ च्या आरंभी बंद करावा लागला होता. डेकवर सगळे प्रवासी उभे होते, परंतु कोणी मोठ्याने बोलत नव्हते. इंजिनाचा आवाज भिंतींवरून परतून येत होता.

कालव्यापलीकडे इटेआ बंदरातून डेल्फीला जाता येते. आम्ही तेथे उघडण्याच्या वेळी पोचलो आणि ऊन तापण्याच्या आत परत निघालो. उन्हाळ्यातील ग्रीस ही आता गंभीरपणे विचार करण्याची गोष्ट झाली आहे. अलीकडच्या वर्षांत उष्णतेच्या लाटांमुळे अथेन्सचे अक्रोपोलिस ऐन दुपारी बंद ठेवण्याची वेळ अनेकदा आली आहे. पुढे रिओ-अँटिरिओच्या पुलाखालून आम्ही आयोनियन समुद्रात आलो. केफालोनिया बेटाच्या उत्तर टोकाचे फिस्कार्डो हे इवलेसे बंदर १९५३ च्या भूकंपातून वाचले, म्हणून तेथे व्हेनिसच्या काळातील घरांची ठेवण पाहायला मिळते. कॉर्फूविषयी थोडक्यात एवढेच सांगते की तेथील किल्ल्यासमोरच्या मैदानावर १८२३ पासून क्रिकेट खेळले गेले आहे. बेट १८१५ ते १८६४ ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होते.

मला सर्वाधिक लिहावेसे वाटते ते मॉन्टेनेग्रो या देशातील कोटरच्या आखाताविषयी. पुष्कळ जण त्याला फ्योर्ड म्हणतात, पण ते हिमनदीने कोरलेले नसून बुडालेल्या नदीखोऱ्याचे आहे. वेरिगेची सामुद्रधुनी जेमतेम साडेतीनशे मीटर रुंद आहे, ती ओलांडली की समोर पेरास्ट हे गाव आणि त्यापुढे दोन बेटे दिसतात. त्यातले एक माणसांनी बनवलेले आहे. २२ जुलै १४५२ रोजी खलाशांना तेथील खडकावर मेरीची प्रतिमा सापडली अशी श्रद्धा आहे, आणि तेव्हापासून गावकऱ्यांनी जुनी गलबते दगडांनी भरून बुडवत, दगडावर दगड टाकत हे बेट उभे केले. आजही दरवर्षी २२ जुलैच्या सूर्यास्ताला फाशिनादा नावाचा सोहळा होतो. सुदैवाने त्या संध्याकाळी आमचे जहाज पेरास्टसमोर नांगरून होते. एकमेकींना दोराने बांधलेल्या होड्यांची रांग गावातून निघाली. होड्यांवर झाडाच्या हिरव्या फांद्या बांधल्या होत्या आणि तळाशी दगड रचले होते. होड्यांत गावातले पुरुष होते, काही अगदी वृद्ध, काही शाळकरी मुले. बेटाभोवती आल्यावर ते एकेक दगड उचलून पाण्यात सोडू लागले. फेकत नव्हते, कडेवरून हलकेच सोडत होते. बेट अजून पूर्ण झाले आहे असे ते मानत नाहीत, आणि लाटांनी झिजणाऱ्या पायासाठी त्या दगडांचा उपयोगही होतो. कोटरला मोठी जहाजेही येतात, परंतु आदल्या दिवशी पाहिले त्यातली बहुतेक सायंकाळपूर्वीच निघून गेली होती.

क्रोएशियातील कोर्चुलाविषयी एक निरीक्षण नोंदवून थांबते. या छोट्या तटबंद शहराच्या गल्ल्या माशाच्या काट्यासारख्या मांडलेल्या आहेत. पश्चिमेकडच्या गल्ल्या सरळ आहेत, म्हणजे उन्हाळ्यातील मायेस्त्राल ही समुद्रावरची झुळूक घरांत शिरते. पूर्वेकडच्या किंचित वळवलेल्या आहेत, म्हणजे हिवाळ्यातील बुरा हा बोचरा वारा अडतो. भर दुपारी मी दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांतून चालून पाहिले आणि हा फरक अंगाला जाणवतो. उन्हाळ्याशी कसे वागावे हे त्या लोकांनी मध्ययुगातच नगररचनेत उतरवले होते.

आपले अनुभव आणि मतभेद दोन्ही वाचायला आवडतील.

मुशाफिर

लेख मनापासून आवडला, विशेषतः पेरास्टचा भाग. मतभेदही मागितले आहेत म्हणून लिहितो. मी माझ्या आई-वडिलांना, दोघेही पंचाहत्तरीच्या पुढचे, मोठ्या जहाजाने नेले होते आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. जहाजावर चोवीस तास दवाखाना होता, प्रत्येक मजल्यावर लिफ्ट होती, वडिलांसाठी चाकाची खुर्ची मिळाली आणि समुद्र थोडा खवळला तरी त्यांना ते कळलेही नाही. बंदरावर उतरणे त्यांना दर वेळी जमत नसे, आणि तेव्हा जहाजावर दिवस घालवण्यासारखे बरेच काही होते. ज्याला आपण उणीव म्हणता, म्हणजे जहाज हेच गंतव्य असणे, तीच वृद्धांसाठी सोय ठरते. आपल्या जहाजावर लिफ्ट होती का? आणि शाकाहारी माणसाचे जेवणाचे काय झाले, हेही लिहावे.

खाडीकाठ

मुशाफिर, आपला मुद्दा मला पूर्णपणे पटतो. आमच्या जहाजावर एक लिफ्ट होती, परंतु होडीत उतरताना खलाशाचा हात धरून पाऊल टाकावे लागे आणि होडी हलत असे. ज्यांचे गुडघे दुखतात किंवा तोल जातो त्यांनी असा बेत करताना हे नक्की ध्यानात घ्यावे. कोटरच्या किल्ल्यावर साडेतेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, तिकडे तर वयस्कर प्रवाशांपैकी फार थोडे गेले.

जेवणाचे सांगायचे तर ग्रीसमध्ये शाकाहारी माणसाची मुळीच आबाळ होत नाही. ऑर्थोडॉक्स पंथात उपासाचे दिवस पुष्कळ असल्यामुळे भाज्या व कडधान्यांचे पदार्थ तेथे पूर्वापार आहेत. तेलात मंद शिजवलेली भेंडी आणि फरसबी, मोठ्या पांढऱ्या वालांचा टोमॅटोतला प्रकार, उकडलेल्या रानभाज्यांवर लिंबू आणि ऑलिव्हचे तेल, आणि फावा, जो पिवळ्या डाळीचा असून चवीला थेट आपल्या घट्ट वरणाच्या जवळ जातो. डाल्मेशियाच्या, म्हणजे क्रोएशियाच्या, किनाऱ्यावर मात्र विचारून घ्यावे. तेथील काळा भात कटलफिशच्या शाईने काळा झालेला असतो. लहान जहाजाचा फायदा असा की दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरातील लोकांना आमची आवड ठाऊक झाली होती.

यंत्रघर

मी मर्चंट नेव्हीतून मुख्य अभियंता म्हणून निवृत्त झालो. मालवाहू जहाजांवर आयुष्य गेले, तरी भूमध्य समुद्र पुष्कळ पाहिला आहे. धाग्यातील दोन-तीन गोष्टींवर थोडे विस्ताराने लिहितो.

मेल्तेमीचे कारण आपल्या वाचकांना जिव्हाळ्याचे वाटेल. उन्हाळ्यात बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त असतो आणि तुर्कस्तानच्या पठारावर कमी. हा कमी दाबाचा पट्टा पूर्वेकडे थेट आपल्या मान्सूनच्या कमी दाबाच्या क्षेत्राशी जोडलेला आहे. म्हणजे ज्या आठवड्यांत कोकणात मुसळधार पाऊस पडतो त्याच आठवड्यांत, त्याच विशाल यंत्रणेचा एक भाग म्हणून, एजियनवर कोरडा उत्तरेचा वारा सुटतो. शिवाय मान्सूनच्या ढगांत वर चढलेली हवा पश्चिमेकडे पूर्व भूमध्य प्रदेशावर खाली उतरते, आणि तेथील उन्हाळा इतका कोरडा राहण्यामागचे तेही एक कारण आहे. डेलोस ज्या वाऱ्याने हुकले त्याचा आणि आपल्या आषाढाचा संबंध असा आहे.

दुसरे, भरती-ओहोटी. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार-पाच मीटर चढते. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी हा फरक वीस-तीस सेंटिमीटरांचा असतो, कारण जिब्राल्टरच्या अरुंद तोंडातून महासागराची भरती आत फारशी येऊ शकत नाही. म्हणून तेथे घरे, उपाहारगृहे आणि चर्चच्या पायऱ्या पाण्याला लागून बांधता येतात, आणि लहान जहाज गावाच्या मध्यभागी धक्क्याला लागू शकते. आपल्या खाड्यांत तेच करायचे तर तरंगती जेटी हवी आणि गाळही सतत उपसावा लागतो. इटली आणि क्रोएशिया यांच्यामधल्या एड्रियाटिक समुद्राच्या उत्तर टोकाला, व्हेनिसच्या बाजूला, भरती थोडी अधिक असते.

तिसरे, जहाज हलण्याविषयी. लहान जहाजाला दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. जहाज पुढे जात असताना पंखांवरून पाणी वाहते आणि त्यामुळे तोल सावरणारा जोर निर्माण होतो, म्हणून जहाज नांगरलेले असताना किंवा अगदी हळू जाताना नेहमीच्या पंखांचा विशेष उपयोग होत नाही. ज्यांना समुद्र लागतो त्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या लांबीच्या मध्यावरची केबिन घ्यावी. तेथे हालचाल सर्वांत कमी जाणवते. बाल्कनीच्या मोहाने वरच्या मजल्यावरची पुढची केबिन घेणारे बहुधा त्रास काढतात. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून आणि जहाज सुटण्याआधी घ्यावी, उलट्या सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही.

डोंगरवाट

मी नोकरीनिमित्त इटलीत, व्हेनिसजवळच्या पादुआपाशी राहते, त्यामुळे व्हेनिसमधील जहाजांचा वाद जवळून पाहिला आहे. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांहून मोठ्या किंवा १८० मीटरांहून लांब जहाजांना शहरालगतच्या ज्युदेका कालव्यातून आणि सान मार्को चौकासमोरून जाण्यास मनाई झाली. मोठी जहाजे आता मार्गेरा, त्रिएस्ते, राव्हेना अशा ठिकाणी लागतात आणि प्रवासी बसने व्हेनिसला येतात. क्रोएशियातील डुब्रोव्हनिकने २०१९ मध्ये एका दिवशी दोनच जहाजे आणि एका वेळी चार हजार प्रवासी अशी मर्यादा ठरवली. सँटोरिनीला दिवसाला आठ हजार क्रूझ प्रवाशांची मर्यादा आहे, आणि जुलै २०२५ पासून ग्रीसने क्रूझने येणाऱ्या प्रवाशांवर कर लावला आहे, जो सँटोरिनी आणि मिकोनॉसला ऐन हंगामात माणशी २० युरो होतो. गावे आपले रक्षण करू लागली आहेत आणि त्यात मला काही वावगे वाटत नाही.

परंतु लहान जहाज म्हणजे आपोआप निर्मळ जहाज, असा समज या धाग्यावरून होऊ नये असे मला वाटते. जहाज चालवणे, थंड ठेवणे, पाणी गोड करणे या सगळ्याला ऊर्जा लागते आणि ती शंभर माणसांत विभागली की माणशी वाटा मोठ्या जहाजापेक्षा जास्तही भरू शकतो. १ मे २०२५ पासून संपूर्ण भूमध्य समुद्रात इंधनातील गंधकाचे प्रमाण ०.१ टक्क्यापेक्षा जास्त असून चालत नाही. त्याने बंदरालगतच्या लोकांना श्वास घेणे सुकर होईल, कार्बनचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. शिवाय लहान जहाज ज्या निवांत गावांत जाते त्या गावांची सोसण्याची शक्तीही लहान असते. फिस्कार्डोसारख्या ठिकाणी एकाच दिवशी अशी तीन जहाजे आली तर तेथील पाणी आणि कचरा यांचे काय, हे प्रवाशाने विचारायला हवे. खाडीकाठ, आपण हे विचारले होते का?

खाडीकाठ

डोंगरवाट, आपण योग्य जागी बोट ठेवले आहे. फिस्कार्डोत आमच्या जहाजाने पाणी घेतले नाही आणि कचरा किनाऱ्यावर उतरवला नाही, तो पुढे कॉर्फूच्या मोठ्या बंदरात दिला, असे मुख्य अधिकाऱ्याने सांगितले. कार्बनच्या बाबतीत माझ्यापाशी समाधानकारक उत्तर नाही. मुंबईहून अथेन्सला विमानाने जायचे आणि मग जहाजावर चढायचे, या सफरीचा भार हलका आहे असा दावा मी करणार नाही. गर्दीच्या बाबतीत मात्र मला वाटते की शंभर माणसे गावातल्या बेकरीत, औषधांच्या दुकानात आणि चर्चमध्ये विखुरतात, गाव त्यांना सामावून घेते. तीन हजार माणसे एकाच वेळी उतरली की गावाचा त्या दिवसापुरता बाजार होतो. आपला तीन जहाजांचा मुद्दा यालाही लागू पडतो हे खरे, आणि म्हणून लहान बंदरांनीही मर्यादा घालाव्यात असे माझे मत आहे.

तारवटी

मूळचा सावंतवाडीचा, बरीच वर्षे गोव्यात आणि जहाजांवर. मोठ्या आणि लहान अशा दोन्ही जहाजांच्या हॉटेल विभागात काम केले आहे. प्रवाशांच्या बाजूने पुष्कळ लिहिले गेले, म्हणून काम करणाऱ्यांच्या बाजूने थोडे लिहितो.

गोव्यात साष्टी, बार्देश या भागांत असे घर क्वचितच सापडेल ज्यातले कोणी ना कोणी जहाजावर गेलेले नाही. मोठ्या जहाजावर हजारभर कर्मचारी असतात, त्यात आपल्याकडची माणसे पुष्कळ भेटतात, स्वतंत्र भोजनगृह असते, आपल्या पद्धतीची आमटी आणि भात रोज मिळतो. लहान जहाजावर सगळे मिळून साठ-सत्तर कर्मचारी असतात आणि एकाच माणसाला तीन प्रकारची कामे येतात. सकाळी न्याहारी वाढणारा मुलगा दुपारी होडीच्या दारात उभा राहून प्रवाशांना हात देतो. दमणूक अधिक होते, पण प्रवासी नावाने ओळखतात, आणि संध्याकाळी काम संपल्यावर बंदरात तासभर पाय मोकळे करायला मिळण्याची शक्यताही अधिक असते, कारण जहाज गावातच लागलेले असते.

२००६ च्या सागरी कामगार करारानुसार कर्मचाऱ्याला चोवीस तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. ज्या उन्हाळी सफरींत रोज एक नवे बंदर असते त्यांत हा हिशेब सांभाळणे फार कठीण जाते, कारण सामान चढवणे, प्रवासी उतरवणे आणि रात्रीचे जेवण हे सगळे त्याच माणसांवर पडते. प्रवाशांना माझी एकच विनंती आहे. सफर निवडताना दररोज नवे बंदर असलेल्या कार्यक्रमापेक्षा एखाद्या ठिकाणी रात्रभर मुक्काम असलेला कार्यक्रम पाहावा. तुम्हालाही गाव नीट पाहता येते आणि खालच्या मजल्यावरच्या माणसालाही झोप मिळते.

यंत्रघर

तारवटी यांनी लिहिले ते अक्षरशः खरे आहे. रात्रभर धक्क्याला असलेल्या जहाजावर इंजिनरूममधील पाळ्याही सुसह्य होतात.

चाफेकळी

पुढच्या वर्षी याच मार्गाने जाण्याचा विचार आहे, म्हणून दोन व्यावहारिक प्रश्न विचारते. व्हिसा एकच पुरतो का? आणि शाळेच्या सुट्टीची अडचण नसेल तर कोणता महिना घ्यावा? मला स्वतःला उन्हाचा त्रास होतो.

खाडीकाठ

चाफेकळी, ग्रीस आणि क्रोएशिया दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहेत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आले आणि त्याच दिवसापासून तेथे युरोही चालू झाला. मॉन्टेनेग्रो मात्र शेंगेनच्या बाहेर आहे. म्हणजे कॉर्फूहून कोटरला गेलात की आपण शेंगेनमधून बाहेर पडता आणि क्रोएशियात पुन्हा आत येता. त्यामुळे एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मागणे अत्यावश्यक आहे, आणि अर्जासोबत जहाजाचा बंदरनिहाय कार्यक्रम जोडावा, म्हणजे कारण स्पष्ट होते. ज्या देशात रात्री अधिक काढणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना मॉन्टेनेग्रोत थोड्या दिवसांसाठी वेगळा व्हिसा आम्हाला लागला नाही, तरी निघण्याआधी त्या देशाच्या वकिलातीचे नियम पुन्हा पाहून घ्यावेत. पासपोर्ट बहुतेक वेळा जहाजाच्या कार्यालयात जमा असतात, म्हणून त्याच्या आणि व्हिसाच्या छायाप्रती स्वतःजवळ ठेवाव्यात.

महिन्याचे म्हणाल तर आपल्याला उन्हाचा त्रास होत असल्यास जुलै आणि ऑगस्ट टाळावेत. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात समुद्राचे पाणी अजून कोमट असते, मेल्तेमीचा जोर कमी होत जातो आणि कोटर, कोर्चुला येथील गर्दीही ओसरलेली असते; ऑक्टोबरात मात्र एड्रियाटिकवर पावसाळी हवा येऊ लागते. जुलैमध्येच जायचे ठरले तर कार्यक्रम तपासताना एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे जहाज बंदरात किती वाजता लागते आणि किती वाजता सुटते. सकाळी आठ ते दुपारी चार अशा वेळा असलेली सफर उन्हाळ्यात घेऊ नये, कारण तो नेमका तापलेला भाग आहे. सकाळी सहा-सातला पोचणारी किंवा रात्री अकरापर्यंत थांबणारी सफर घ्यावी, आणि मधल्या वेळेत जहाजावर परत येऊन विश्रांती घ्यावी. फाशिनादा पाहायची असेल तर २२ जुलैच्या संध्याकाळी जहाज कोटरच्या आखातात आहे की नाही, हे आरक्षणापूर्वी कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. त्या दिवशी आखातात अगदी थोडी जहाजे नांगरतात आणि त्या तारखेच्या केबिन वर्षभर आधी भरतात असे आमच्या जहाजावरच्या अधिकाऱ्यांनी सांगितले होते.